इलेक्ट्रिकल की कॉम्प्युटर? नागपुरात ब्रांच निवडण्यापासून सीट पक्की होईपर्यंत

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी एकच विचारणा सुरू होते, 'सीएस (कॉम्प्युटर सायन्स) मिळेल का?' मिळालं तर पेढे, आणि नाही मिळालं तर 'इलेक्ट्रिकल घ्यावं लागलं' असा पडलेला सूर. हा चढता-उतरता क्रम कटऑफच्या यादीतून आलेला आहे. चार वर्षं काय शिकावं लागेल याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ब्रांच ठरवताना कटऑफ आधी आणि विषय नंतर पाहिले की तिसऱ्या सेमिस्टरला धक्का बसतो, म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी विषय, मग कॉलेजं, मग कागदपत्रं आणि शेवटी पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म.

विषयांचा तक्ता उघडा

प्रत्येक स्वायत्त कॉलेजच्या संकेतस्थळावर 'स्कीम अँड सिलॅबस' नावाची पीडीएफ असते. ज्या दोन-तीन ब्रांच डोक्यात आहेत त्यांच्या पीडीएफ उतरवून घ्या आणि पहिलं वर्ष सोडून द्या. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, थोडं प्रोग्रामिंग, थोडं बेसिक इलेक्ट्रिकल हे सगळ्यांना जवळपास सारखंच असतं. खरी ओळख तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरमध्ये होते. बी.टेक.चे एकूण क्रेडिट १६० च्या आसपास असतात. त्यातले ब्रांचच्या मूळ विषयांना किती आणि इलेक्टिव्हना, म्हणजे निवडीच्या विषयांना, किती, हे पेन्सिलने बेरीज करून काढा. अर्धा तास लागतो, पण प्रवेशाच्या धावपळीतला सर्वांत उपयोगी अर्धा तास हाच.

इलेक्ट्रिकलच्या तक्त्यात नेटवर्क ॲनालिसिस, इलेक्ट्रिकल मशीन्स एक आणि दोन, मापन, कंट्रोल सिस्टिम्स, पॉवर सिस्टिम्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे विषय दिसायलाच हवेत. गणितात लाप्लास, फूरिए, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स येतात आणि ते पुढच्या विषयांत रोज वापरावे लागतात.

हा अभ्यास हातात कसा लागतो ते एका प्रयोगावरून कळेल. दुसऱ्या वर्षी ट्रान्सफॉर्मरवर दोन चाचण्या करायच्या असतात. ओपन सर्किट चाचणीत हाय व्होल्टेज बाजू उघडी ठेवून लो व्होल्टेज बाजूला पूर्ण रेटेड व्होल्टेज द्यायचं. वॉटमीटर जे दाखवतो तो गाभ्यातला लोहक्षय, म्हणजे तिथे वाया जाणारी वीज. या वेळी पॉवर फॅक्टर फार कमी असतो, त्यामुळे साधा वॉटमीटर लावला तर काटा जेमतेम हलतो आणि वाचन फसवं येतं. त्यासाठी कमी पॉवर फॅक्टरचा वॉटमीटर मागून घ्यावा लागतो. शॉर्ट सर्किट चाचणीत लो व्होल्टेज बाजू जाड तारेने जोडून टाकायची आणि हाय व्होल्टेज बाजूला डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) शून्यापासून हळूहळू व्होल्टेज वाढवायचं. रेटेड करंट यायला रेटेड व्होल्टेजच्या साधारण ५ ते १० टक्केच पुरतात. आधीच्या बॅचने डिमरस्टॅट शून्यावर आणलेला नसेल आणि तुम्ही न बघता स्विच चालू केलात, तर करंट अडवायला वाइंडिंगच्या अंगच्या छोट्याशा इम्पीडन्सशिवाय काहीच नसतं. ॲमीटरचा काटा टोकावर आपटतो आणि फ्यूज जातो. असल्या भानगडीत, म्हणजे काटा का आपटला हे शोधून काढण्यात मजा वाटत असेल, तर इलेक्ट्रिकल 'घ्यावं लागलं' म्हणायची वेळ येणार नाही.

कॉम्प्युटरच्या तक्त्यात डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, नेटवर्क्स, अल्गोरिदम्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर शोधा. इथला नमुना लिंक्ड लिस्टचा. यादीच्या सुरुवातीला नवा नोड घालायचा तर आधी नव्या नोडचा पॉइंटर जुन्या पहिल्या नोडकडे वळवायचा, मग 'हेड' नव्या नोडकडे. या दोन ओळी उलट लिहिल्या तरी प्रोग्राम मुकाट्याने कंपाइल होतो. चालवल्यावर मात्र जुनी यादी गायब, कारण तिचा पत्ता असलेली एकमेव जागा तुम्ही स्वतःच पुसलेली असते. स्क्रीनवर चूक दिसत नाही, ती कागदावर बाण काढून शोधावी लागते. तासभर असे बाण काढत बसायला कंटाळा येत असेल, तर मोबाइलवर उत्तम गेम खेळता येणं किंवा इन्स्टाग्रामवर रील्स एडिट करता येणं इथे काही कामाचं नाही.

'गणित नको म्हणून कॉम्प्युटर' हा गैरसमज तर इतका पसरलेला आहे की तो वेगळा सांगायला हवा. कॉम्प्युटरमधलं गणित कमी नाही, वेगळं आहे. सिद्धता, मोजणी, ग्राफ, संभाव्यता. आणि एआयकडे गेलात तर लिनिअर अल्जेब्रा.

या दोहोंच्या मधोमध इलेक्ट्रॉनिक्स आहे. कुठे ती ईसीई (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) असते, कुठे ईटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). सिग्नल्स, डिजिटल सर्किट्स, मायक्रोकंट्रोलर, कम्युनिकेशन, व्हीएलएसआय असा तिचा संसार. एम्बेडेड किंवा चिप डिझाइनकडे ओढा असेल तर सीएसच्या मागे न धावता पसंतीच्या यादीत ईसीई वर ठेवणं शहाणपणाचं.

मग राहतात लांबलचक नावांच्या ब्रांच. सीएसई आणि पुढे एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी वगैरे. यातल्या काही चांगल्या आहेत, काही फक्त पाटी बदललेल्या. ओळखायची पद्धत सोपी आहे. त्याच कॉलेजच्या साध्या सीएसईचा तक्ता शेजारी ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, डीबीएमएस, अल्गोरिदम्स हे चारही विषय दोन्हीकडे पूर्ण क्रेडिटचे असतील आणि एआयचे विषय इलेक्टिव्हच्या जागी आले असतील, तर काळजी नाही. मूळ विषय दोन क्रेडिटवर आणून त्या जागी 'इंट्रोडक्शन टू' छापाचे विषय भरले असतील, तर नाव कितीही झगमगीत असो, खाली ठेवा. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, पण त्याच्या अभ्यासक्रमातही प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि संभाव्यता आहेच.

पदवीवर छापून येणाऱ्या नावाचा एक व्यावहारिक भाग आहे आणि तो इलेक्ट्रिकलवाल्यांना जास्त लागू पडतो. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, एनटीपीसी, पॉवरग्रिड यांच्या भरतीच्या जाहिरातीत कोणत्या ब्रांच चालतात याची यादी असते. सॉफ्टवेअर कंपन्या बहुतेक वेळा इलेक्ट्रिकलच्या मुलालाही परीक्षेला बसू देतात. उलट सीएसवाल्याला वीज कंपनीच्या इलेक्ट्रिकल अभियंत्याच्या जागेसाठी अर्जच करता येत नाही. आणि नागपूरच्या आसपास वीज म्हणजे दूरची गोष्ट नाही. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच, खापरखेड्याला २१० चे चार आणि ५०० चा एक, मौद्याला एनटीपीसीचे ५०० चे दोन आणि ६६० चे दोन. मेट्रो २५ किलोव्होल्टच्या ओव्हरहेड तारेवर धावते, अजनीला इलेक्ट्रिक लोको शेड आहे. सॉफ्टवेअरच्या बाजूला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आणि परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट. पण पहिली नोकरी पुणे-बंगळूरला लागण्याची तयारी सीएसवाल्यांनी ठेवावी हे बरं.

दोन्हीकडे जीव अडकला असेल तर इलेक्ट्रिकल घेऊन कॉम्प्युटिंगचं मायनर, म्हणजे पदवीला जोडलेला छोटा दुय्यम अभ्यासक्रम, करता येतं. ते साधारण १८ ते २० जादा क्रेडिटचं असतं आणि त्याचे वर्ग बऱ्याचदा संध्याकाळी किंवा शनिवारी लागतात. 'पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलून घेऊ' यावर मात्र कोणी विसंबू नये. त्या जागा मोजक्या असतात, त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर जातात, आणि सीएसमधून कोणी हलत नसल्यामुळे तिथे रिकाम्या जागा होतच नाहीत.

नागपुरात कुठे कुठे, कोणत्या परीक्षेतून

व्हीएनआयटी, म्हणजे १९६० सालचं व्हीआरसीई, २००२ मध्ये एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) झालं. प्रवेश जेईई मेनच्या रँकवर जोसातून, म्हणजे केंद्रीय संस्थांच्या एकत्रित सीट वाटपातून. इथे इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स अशी ब्रांच आहे, शिवाय ईसीई आणि सीएसई. निम्म्या जागा महाराष्ट्राच्या कोट्यात असतात. बुटीबोरीकडे वारंग्याला आयआयआयटी, २०१६ चं. सीएसई-ईसीई आणि त्यांच्या उपशाखा. प्रवेश जोसातूनच, पण इथे राज्याचा कोटा नाही, सगळ्या जागा देशभरासाठी. त्यामुळे व्हीएनआयटीचा कोट्यातला कटऑफ पाहून आयआयआयटीचा अंदाज बांधू नका. या दोन्हींसाठी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं; अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची.

एमएचटी-सीईटीतून कॅपद्वारे, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळणाऱ्या कॉलेजांत खापरीकडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय हे फीच्या दृष्टीने पहिलं. खाजगीत वानाडोंगरीचं वायसीसीई, हिंगणा रोडचं जी. एच. रायसोनी, नंदनवनचं केडीके, फक्त मुलींसाठी कमिन्स आणि इतर अनेक. काटोल रोडचं रामदेवबाबा आता खाजगी विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची पद्धत, फी आणि शिष्यवृत्ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच पडताळावी, वरच्या बॅचच्या दादाच्या सांगण्यावरून नव्हे.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० एकेका गुणाचे. म्हणजे २०० पैकी निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीला वजा गुण नाहीत, तरी दरवर्षी मुलं प्रश्न कोरे सोडून येतात. शेवटची दोन मिनिटं राखून उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर द्यायचंच. बारावीला खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के पुरतात, पण ते पात्रतेच्या विषयांत. खाजगी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा जेईई मेनवर भरतात. सीईटी बिघडली आणि जेईई बरी गेली असेल तर हे दार लक्षात ठेवा. कॅपची नोंदणी करताना जेईईचा अर्ज क्रमांक भरायचा राहिला तर ते बंद.

दहावीनंतर डिप्लोमाचा रस्ता आपल्याकडे उगाच कमी लेखला जातो. सदरचं शासकीय तंत्रनिकेतन १९१४ पासूनचं आहे. तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला की थेट द्वितीय वर्ष बी.टेक.ला प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. मशीन्स हाताळायची सवय झालेली असते. अडचण येते ती तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात, कारण बारावीचं कॅल्क्युलस ज्या गतीने झालेलं असतं ती गती डिप्लोमात नसते. प्रवेशाआधीच्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन पक्कं करून घेतलं की गाडी रुळावर येते.

अभियांत्रिकीबाहेर राहून कॉम्प्युटिंग शिकायचं तर बीसीए, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बी.एस्सी. आयटी आणि नागपूर विद्यापीठाचं खास बीसीसीए, म्हणजे कॉमर्समधलं कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, कक्षेत आलं आणि त्याची स्वतंत्र सीईटी होते. पुढे एमसीए करायचं असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. एनआयटीच्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा असते. व्हीएनआयटीत एमसीए नाही, पण रायपूर आणि भोपाळ एका रात्रीच्या गाडीवर आहेत. बीसीएवाल्यांनी डेटा स्ट्रक्चर्स आणि नेटवर्क्स हे दोन विषय स्वतःहून बी.टेक.च्या तोडीने करावेत, मुलाखतीत फरक तिथेच पडतो.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची आणि इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सची ऑनलाइन बीएस पदवीही आहे. युजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिल्याने ती कॉलेजसोबत करता येते. झेपेल का, हा वेगळा प्रश्न. पहिलं सेमिस्टर संपल्याशिवाय त्यात उडी घेऊ नये.

बारावी कुठून केली, यावर काय काय अडतं

इथे चूक झाली तर ती नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून हे अकरावीच्या आधी वाचलेलं बरं.

जोसात राज्याचा कोटा अधिवासावर ठरत नाही. तुम्ही बारावी ज्या राज्यातून दिली ते तुमचं राज्य. राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी केलेला धरमपेठेतला मुलगा व्हीएनआयटीसाठी राजस्थानचा ठरतो. त्याच्या घरापासून व्हीएनआयटी चालत जाण्याच्या अंतरावर असली तरी. छिंदवाडा-बालाघाटकडून बारावी केलेल्यांचंही तेच.

कॅपमध्ये 'होम युनिव्हर्सिटी' हा प्रकार आहे. ज्या कॉलेजांना हा नियम लागू आहे तिथे ७० टक्के जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात गेले, त्यामुळे चंद्रपूरचा मुलगा नागपुरात 'बाहेरचा'. दहावी-बारावी महाराष्ट्रातच केली असेल तर होम युनिव्हर्सिटी बारावीच्या कॉलेजवरून ठरते. लातूरला जाऊन बारावी केलेल्या नागपूरकराने कटऑफ बघताना आपला रकाना बदलला आहे हे विसरू नये.

कागदपत्रं: मे महिन्यात धावायचं नसेल तर

डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएस, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. यातला सर्वांत जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता. अर्ज अकरावीतच करावा, कॉलेजकडून त्यासाठी लागणारं पत्र मिळतं. बारावीचा निकाल लागल्यावर सेतूत रांग लावणाऱ्यांना ४५ अंशांच्या उन्हात उभं राहावं लागतं, ते वेगळंच.

नॉन क्रीमी लेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलं पाहिजे. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. घरात जुनं प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहिलेले पालक नेमके याच तारखेवर अडकतात. दाखला हाती नसेल तर अर्जाच्या पावतीवर नोंदणी करता येते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र दाखल झालं नाही तर उमेदवार खुल्या वर्गात जातो आणि राखीव वर्गातून मिळालेली सीट हातची जाते.

जोसासाठी हेच कागद चालतीलच असं नाही. तिथे ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. शिवाय आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हे आधी तपासा, राज्याची आणि केंद्राची यादी एक नाही. एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्राच्या प्रवेशात तो उमेदवार खुल्या वर्गात, किंवा निकषात बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएसमध्ये.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'श्रीकांत रमेश', आधारवर 'श्रीकांत रमेशराव' असं असेल तर पुढे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. आधार दुरुस्त करून घ्या, दहावीचं नाव प्रमाण धरून.

कटऑफची ओळ कशी वाचायची

कॅपच्या कटऑफ यादीत प्रत्येक कॉलेज-ब्रांचखाली जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएच, जीओबीसीएस असे रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिलांसाठीची जागा. मधला भाग वर्गाचा. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. टीएफडब्ल्यूएस (शिकवणी शुल्क माफीच्या जागा) आणि ईडब्ल्यूएस यांचे रकाने वेगळे. नागपूर विभागातल्या कॉलेजांचे कोड ४ ने किंवा ०४ ने सुरू होतात.

रकान्यात दोन आकडे असतात. वर मेरिट क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. बहुतेक जण पर्सेंटाइल बघतात, पण तुलना मेरिट क्रमांकाने करा. परीक्षेला किती जण बसले यावर त्याच पर्सेंटाइलचा क्रमांक दरवर्षी हलतो, आणि सीट क्रमांकावर मिळते. मुलींनी एल आणि जी दोन्ही रकाने पाहावेत, त्यांना दोन्हीतून जागा मिळू शकते.

गेल्या वर्षीच्या सगळ्या राउंडचे आकडे शेजारी शेजारी लिहा. पहिल्या आणि शेवटच्या राउंडमधलं अंतर सीएसला थोडं असतं. इलेक्ट्रिकलला ते बरंच मोठं असू शकतं, कारण वरची मुलं सीएसकडे सरकतात आणि मागे जागा मोकळ्या होतात.

ऑप्शन फॉर्म

संगणक मेरिट क्रमांकाने एकेका उमेदवाराला घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जात पहिली मोकळी जागा देतो. खालच्या क्रमांकावर टाकलेला पर्याय वरच्याला धक्का लावत नाही. म्हणून आपल्याला 'मिळणार नाही' असं वाटणारं कॉलेज वर टाकल्याने काहीच बिघडत नाही. क्रम आवडीचाच ठेवायचा, कटऑफचा नाही.

एकच पथ्य. २०२५-२६ पासून चार राउंड आहेत आणि ऑटो फ्रीझचा नियम कडक झाला आहे. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला तर सीट तिथेच पक्की. दुसऱ्याला पहिल्या तिनांतलं काही मिळालं तर पक्की, तिसऱ्याला पहिल्या सहांतलं, आणि चौथ्याला जे मिळेल ते. यामुळे पहिले सहा पर्याय हे 'मिळालं तर नक्की जाईन' असेच हवेत. शेजारच्याने सांगितलं म्हणून पाचव्या क्रमांकावर टाकलेलं, जायला दीड तास लागणारं कॉलेज तिसऱ्या राउंडला गळ्यात पडू शकतं.

यादी करण्याची एक साधी रीत अशी. एका कागदावर आपल्या मेरिट क्रमांकाच्या वरचे, आसपासचे आणि खालचे पर्याय तीन रकान्यांत लिहा. मग रकाने विसरून सगळे आवडीच्या क्रमाने लावा. शेवटी तपासा की खालच्या रकान्यातले, म्हणजे हमखास मिळणारे, किमान आठ-दहा पर्याय यादीत आलेत. त्याच ब्रांचचा टीएफडब्ल्यूएस कोड, ज्याच्या शेवटी टी असतो, साध्या कोडच्या वर टाका. तो वेगळा पर्याय धरला जातो आणि बरेच जण तो टाकायलाच विसरतात. फॉर्म भरून झाला की 'कन्फर्म' करायचा. नुसता सेव्ह केलेला फॉर्म वाटपात घेतला जात नाही. सायबर कॅफेत भरत असाल तर पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल आपलाच ठेवा, आणि कन्फर्म झाल्यावरची प्रिंट घरी नेऊन कोड एकेक करून ताडून पाहा. एका आकड्याने इलेक्ट्रिकलचं मेकॅनिकल होतं.

सीट लागली की लॉगिनमध्ये जाऊन आपले दावे स्वतः पडताळायचे आणि १,००० रुपये सीट स्वीकृती शुल्क भरायचं. मग फ्रीझ किंवा बेटरमेंट. बेटरमेंट घेतलं आणि पुढच्या राउंडला वरचा पर्याय लागला तर आधीची सीट आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. शुल्क भरलं नाही तर मिळालेली सीटच सुटते. फ्रीझ केल्यावर दिलेल्या मुदतीत मूळ कागदांसह कॉलेजात हजर व्हावं लागतं. फक्त शुल्क भरून 'झाला प्रवेश' म्हणत घरी बसणारेही दरवर्षी निघतात.

जोसात हेच शब्द जरा निराळे. फ्रीझ म्हणजे मिळालं ते घेतलं. फ्लोट म्हणजे कुठल्याही संस्थेतला वरचा पर्याय चालेल. स्लाइड म्हणजे संस्था हीच, ब्रांच मात्र वरची. व्हीएनआयटीत मायनिंग लागलं आणि नागपूर सोडायचं नसेल तर स्लाइड. जोसा संपल्यावर उरलेल्या जागांसाठी सीसॅबचे विशेष राउंड होतात. तिथे नव्याने नोंदणी करावी लागते.

पैशांचं गणित

कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तिचे दोन भाग असतात, शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क. हा फरक समजला नाही की 'अर्धी फी माफ' ऐकून गेलेले पालक खिडकीवर गोंधळतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिकवणी शुल्काच्या निम्मी सवलत मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण कॅपमधून आलेल्यांनाच. संस्था स्तरावरच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही, आणि खाजगी विद्यापीठांत ती लागू होत नाही. टीएफडब्ल्यूएसमध्ये शिकवणी शुल्क चारही वर्षं माफ असतं.

पावतीशिवाय कोणी रक्कम मागितली तर ती देणगी आहे, आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने ती बेकायदा आहे. 'शेवटची एकच सीट उरली आहे' असा फोन आला की समजावं, कॅपची रिकाम्या जागांची यादी संकेतस्थळावर सर्वांना दिसते.

कॉलेजात जाऊन काय विचाराल

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वांत मोठं पॅकेज असतं. तुम्ही तुमच्या ब्रांचचा मधला आकडा विचारा, आणि 'ऑफर किती' यापेक्षा 'किती मुलांना' हे विचारा. एकाच मुलीला तीन ऑफर मिळाल्या की फलकावर तीन होतात.

शिक्षकांचा हिशोब घरीच करता येतो. एआयसीटीईचं प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. सीएस आणि तिच्या उपशाखा मिळून दरवर्षी २४० जागा असतील तर चार वर्षांचे ९६० विद्यार्थी, म्हणजे ४८ शिक्षक हवेत. संकेतस्थळावरच्या विभागाच्या यादीत मोजा. जागा वाढवायला कॉलेजांना फार वेळ लागत नाही, चांगले शिक्षक मात्र तेवढ्या वेगाने मिळत नाहीत. नॅक ही पूर्ण कॉलेजला मिळणारी श्रेणी, एनबीए ही ब्रांचची मान्यता. दुसरी तुमच्या ब्रांचला आहे का आणि कधीपर्यंत आहे ते बघा.

इलेक्ट्रिकलसाठी मशीन्स लॅबमध्ये चक्कर मारा. मोटर-जनरेटर सेटवर धूळ आहे की टर्मिनलवर ताज्या तारा, एवढं पाहिलं तरी पुरे. एका टेबलाभोवती किती मुलं उभी असतात तेही बघा. चारच्या वर गेली की मागची फक्त वाचन उतरवून घेतात.

रोजचं जाणं-येणंही हिशोबात धरा. मेट्रोची ॲक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत जाते, वानाडोंगरीला पुढचा टप्पा ऑटोने किंवा कॉलेजच्या बसने. ऑरेंज लाइन खापरीपर्यंत आहे. वारंग्याच्या आयआयआयटीला घरून रोज ये-जा करण्यापेक्षा हॉस्टेल बरं.

वर्ग सुरू होण्याआधी

लॅपटॉप घ्यायची घाई नको. विभागाकडून यादी मिळेपर्यंत थांबलात तरी चालतं. घ्याल तो १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा असावा. ८ जीबीवर तिसऱ्या वर्षी एक व्हर्च्युअल मशीन आणि ब्राउझर एकत्र चालवताना दम लागतो. 'एआय घेतलंय' म्हणून महागड्या ग्राफिक्स कार्डवर पैसे घालू नका, पदवीच्या प्रयोगांना गूगल कोलॅब पुरतं. इलेक्ट्रिकलला मॅटलॅब लागतं, ते कॉलेजकडे असतं. घरच्या सरावाला ऑक्टेव्ह आणि एलटीस्पाइस फुकट मिळतात.

ब्रांच कोणतीही असो, ऑगस्टपर्यंत सी भाषेत ॲरे, फंक्शन आणि पॉइंटरपर्यंत हात बसवा. प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या तारखेच्या आत रद्द केला तर १,००० रुपये कापून फी परत मिळते, पण सीसॅबच्या शेवटच्या राउंडला व्हीएनआयटी लागण्याची वाट बघणाऱ्यांची ही तारीख बऱ्याचदा आधीच उलटून गेलेली असते.